किंग हेन्रीज रोडवरील विटांचे घर

आमचे दादा गवंडी होते. दापोली तालुक्यातून मुंबईकडे आले, पोटासाठी जे मिळेल ते केले आणि शेवटी चंदनसारला स्थिरावले. विरार-नालासोपाऱ्याला इमारती भराभर उठू लागल्या त्या काळात त्यांच्या हातून किती भिंती उभ्या राहिल्या याचा हिशेब त्यांनी कधी ठेवला नाही. मात्र कोणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवरून हात फिरवायचे. दोन विटा हातात घेऊन एकमेकींवर वाजवायचे. टणटणीत आवाज आला तर म्हणायचे, "भाजली आहे." बद्द आवाज आला तर वीट बाजूला. माणसाची पारखही ते याच शब्दांत करीत. "पोरगा भाजलेला आहे," असे दादा म्हणाले की समजावे, पोरगा कष्टाचा आहे.

हे सांगायचे कारण असे की दोन वर्षांपूर्वी मी लंडनला गेलो, तेव्हा त्या मोठ्या शहरातील एका विटांच्या घरापुढे उभा राहून मला सर्वप्रथम दादांची आठवण झाली. माझी मुलगी तिकडे रुग्णालयात नर्स आहे. ती दोन वर्षे बोलावत होती. निवृत्तीचे थोडे पैसे हाताशी होते म्हणून आम्ही उभयता गेलो. विमानतळावर मुलीने विचारले, "पप्पा, आधी काय बघायचं? राणीचा राजवाडा, की मोठं घड्याळ?" तिची आई म्हणाली, "आधी बाबासाहेबांचं घर. मग बाकीचं."

बंधू-भगिनींनो, त्या घराचा पत्ता आपल्या पुष्कळ जणांना पाठ असेल: १०, किंग हेन्रीज रोड. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ या काळात तेथे राहत होते. भुयारी रेल्वेने चॉक फार्म या स्टेशनवर उतरावे. तेथून घर पायी काही मिनिटांच्या अंतरावर आहे. विरारच्या लोकलमध्ये उभे राहून ज्यांचे आयुष्य गेले त्यांना त्या गाडीची गर्दी ती काय वाटणार! वर आल्यावर मात्र एकदम शांतता. दोन्ही बाजूंना झाडे आणि एकाला एक चिकटून उभी असलेली उंच घरे. त्यांतील एकावर निळी गोल पाटी. तिच्यावर बाबासाहेबांचे नाव, १८९१-१९५६ ही साले, सामाजिक न्यायासाठी लढणारे भारतीय म्हणून त्यांचा उल्लेख आणि १९२१-२२ मध्ये ते येथे राहिल्याची नोंद आहे. आमच्या मंडळींनी रस्त्यावरच हात जोडले.

मी घर पाहू लागलो. गवंड्याच्या मुलाची नजर आधी विटेवर जाते. शाळेच्या सुट्टीत मी दादांच्या हाताखाली विटा वाहिल्या आहेत.

लंडन शहर विटांचे का झाले याची एक गोष्ट आहे. १६६६ मध्ये तेथे मोठी आग लागली आणि लाकडी घरांचे जुने शहर जळून गेले. त्यानंतर कायदाच झाला की बाहेरच्या भिंती विटेच्या किंवा दगडाच्या हव्यात. दोन घरांमधली सामाईक भिंत जाड हवी, म्हणजे एका घरची आग दुसऱ्या घरात शिरणार नाही. पुढे सरकारने विटांवर कर बसविला. तो १७८४ पासून १८५० पर्यंत होता. खिडक्यांवरही कर होता. घराला खिडक्या जास्त तर कर जास्त, म्हणून लोक खिडक्या बुजवून अंधारात राहत. हा खिडकीचा कर १८५१ मध्ये उठला. हवा आणि उजेड यांवरही कर बसविणारे राज्य होते ते! किंग हेन्रीज रोडच्या बाजूची वस्ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वाढली, म्हणजे हे दोन्ही कर उठण्याच्या सुमारास आणि त्यानंतर. त्यामुळे या घरांना विटा सढळ हाताने वापरलेल्या आहेत आणि खिडक्याही उंच व रुंद आहेत.

जमीन कोणाची होती? ईटन या प्रसिद्ध शाळेची. सहाव्या हेन्री राजाने १४४० मध्ये ती शाळा काढली आणि पुढे तिला ही जमीन दिली. रस्त्याचे नाव त्याच राजावरून आहे. शाळेने जमीन विकली नाही, लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने कंत्राटदारांना दिली. कंत्राटदारांनी तीवर घरे बांधून धंदा केला. म्हणजे जमीन एकाची, घर बांधणार दुसरा, राहणार तिसरा. वसई-विरारच्या माणसाला हा व्यवहार निराळा समजावून सांगायला नको.

लंडनच्या जुन्या घरांची वीट पिवळसर असते. आपली वीट लाल, त्यांची पिवळी, याचे कारण मातीत आहे. तिकडे मातीत खडूचा चुनखडी गाळ कालवीत. शिवाय घरोघरच्या चुलींतील राख गोळा करून तीही मिसळीत. राखेतील अर्धवट जळालेला कोळसा भट्टीत विटेच्या पोटातच पेटे आणि वीट आतून भाजून निघे. हे ऐकून मला हसू आले. आपल्याकडे भट्टीवर गाऱ्यात तूस आणि राख मिसळतात ते दुसऱ्या कशासाठी? वसई आणि भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर पावसाळा संपला की आदिवासी कुटुंबे येतात. नवरा गारा तुडवितो, बायको साच्याने वीट थापते, पोरे सुकलेल्या विटा उलथतात. लंडनच्या भट्ट्यांवरही त्या काळी बायका-पोरे अशीच राबत होती. विलायतेतील वीटसुद्धा गरिबाच्याच हातची.

विटांचा रंग मात्र आता मूळचा राहिलेला नाही. घराघरांत कोळशाच्या शेगड्या, जवळून रेल्वे. लंडनहून बर्मिंगहॅमला जाणारी रेल्वे १८३७ मध्ये याच भागातून बोगदा काढून नेली होती. शंभर वर्षांच्या धुराने शहराच्या विटा काळवंडल्या. १९५६ मध्ये धुरावर बंधन घालणारा कायदा झाला, त्यानंतर हवा हळूहळू निवळली. बाबासाहेब तेथे होते तेव्हा हा सगळा परिसर धुराने काळा असणार.

अशा घराची रचना कशी असते ते सांगतो. आपली चाळ आठवा. चाळीत एका मजल्यावर ओळीने खोल्या असतात आणि प्रत्येक खोलीत एक बिऱ्हाड. लंडनच्या रांगेतल्या घरात वाटणी उभी असते. तळापासून छपरापर्यंत एक उभा काप म्हणजे एक घर. रुंदी बेताची, उंची भरपूर. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, त्यामुळे खिडक्या फक्त पुढे आणि मागे. सामाईक भिंतीतूनच धुराडी वर जातात. छपरावर मातीच्या नळ्या ओळीने उभ्या दिसतात, त्या मोजल्या की आत किती शेगड्या आहेत त्याचा अंदाज येतो. खिडकीला आपल्यासारखी दारे नसतात. दोन चौकटी वर-खाली सरकतात. चौकटीच्या आत दोरीला वजने टांगलेली असतात, म्हणून लहान मुलालाही ती एका हाताने सरकवता येते. विटांची चिणाईही पाहण्यासारखी. एक वीट लांबीने, दुसरी रुंदीने आणि वरच्या थरात रुंदीची वीट खालच्या लांब विटेच्या बरोबर मध्यावर. दादा असते तर ओळंबा लावून बघितला असता.

परंतु या रचनेत आणखी एक गोष्ट आहे. जमिनीच्या खाली एक मजला असतो. रस्त्यालगत खोल खड्डा सोडलेला असतो आणि त्यात उतरायला बाहेरून वेगळा जिना. खाली स्वयंपाकघर, कोळशाची जागा आणि नोकरांचा वावर. मालकाचे पाहुणे पायऱ्या चढून वरच्या दाराने येत. कोळसेवाला, भाजीवाला आणि मोलकरीण खालच्या दाराने. सर्वांत चांगल्या, उंच छताच्या खोल्या मालकाच्या. जसजसे वर जावे तसतशा खोल्या ठेंगण्या होत जातात आणि माळ्यावर मोलकरणीची खोली. म्हणजे तळाला राबणारे, माथ्यावर निजणारेही राबणारेच, आणि मधली प्रशस्त जागा मालकाची. त्या समाजाने आपला उच्चनीच भाव विटांत बांधून ठेवला होता. आपल्याकडे तो गावाच्या नकाशात बांधला, वस्ती वेशीबाहेर ठेवली.

पहिल्या महायुद्धानंतर हा थाट मोडला. नोकर मिळेनात, खर्च झेपेना. लंडनमधील अशा पुष्कळ घरांत खोल्या भाड्याने देण्याची पद्धत पडली. मालकांसाठी बांधलेल्या घरांत विद्यार्थी, कारकून, परदेशी माणसे राहू लागली. त्याच काळात बाबासाहेब या घराच्या पायऱ्या चढले.

ते लंडनला आले ते दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी, १९१६ मध्ये, बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती होती. ती संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसा साठविला, छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इन येथे बॅरिस्टरी, असा दुहेरी अभ्यास. चरित्रकार धनंजय कीर यांनी त्या दिवसांचे वर्णन केले आहे. सकाळी चहा आणि पावाचा तुकडा, दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात वाचन, रात्री पुन्हा अभ्यास. मध्यरात्री भूक लागली की पत्र्यावर पापड भाजायचे आणि कपभर दुधाबरोबर खायचे. खोलीतील सोबती म्हणे, आता झोपा. ते म्हणत, मला वेळही नाही आणि पैसाही नाही.

या घरातून ब्रिटिश म्युझियमपर्यंत मी आणि मुलगी चालत गेलो. साधारण चार किलोमीटर, आमच्या चालीने तासभर लागला. तेथील घुमटाखालचे गोल वाचनालय १८५७ मध्ये उघडले होते. पुस्तके आता सेंट पँक्रास येथील नव्या ग्रंथालयात गेली आहेत. परंतु तो घुमट पाहिला की वाटते, सातारच्या शाळेत वर्गाबाहेरच्या गोणपाटावर बसलेला मुलगा कोठे येऊन बसला!

तो अभ्यास कशाचा होता हेही लक्षात घेण्यासारखे आहे. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता रुपयाचा प्रश्न. १९२० च्या आरंभी एका रुपयाला दोन शिलिंगांहून अधिक मिळत होते. वर्षभरात भाव सव्वा शिलिंगापर्यंत उतरला. म्हणजे मुंबईत साठविलेल्या रुपयाचे लंडनमध्ये जवळजवळ निम्मेच पैसे हाती येऊ लागले. सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून २०० पौंडांचे कर्ज मागितले ते याच दिवसांत. रुपयाची घसरण ते पुस्तकात वाचत होते आणि स्वतःच्या खिशातही सोसत होते. तिकडे परळच्या बी.आय.टी. चाळीत रमाई काटकसरीने घर चालवीत होत्या. १९२१ मध्ये ते एम.एस्सी. झाले, १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले आणि १९२३ मध्ये विद्यापीठाने डी.एस्सी. दिली. त्याच साली तो प्रबंध पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला.

घराच्या आत पलंग आहे, टेबल आहे, पुस्तके आहेत, भिंतींवर छायाचित्रे आहेत. खोल्या बाबासाहेबांच्या काळासारख्या मांडल्या आहेत. आमच्या मंडळी एका खिडकीपाशी पुष्कळ वेळ उभ्या राहिल्या. मी विचारले, "काय बघतेस?" त्या म्हणाल्या, "काही नाही. इथं कुणी त्यांना जात विचारली नसेल ना?"

मी गप्प राहिलो, कारण मला बडोदा आठवले. १९१७ साली, अमेरिका आणि इंग्लंड येथे शिकून आलेल्या या विद्वानाला बडोद्यात राहायला खोली मिळाली नाही. पारशी सरायीत नाव बदलून राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांनी त्यांना बाहेर काढले. संस्थानचा अधिकारी, पण डोक्यावर छप्पर नाही. झाडाखाली बसून तो पुरुष रडला. आणि त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी लंडनमध्ये भाडे देऊन खोली मिळते! लंडन काही स्वर्ग नव्हते. ज्या देशाने आपल्यावर राज्य केले त्याचीच ती राजधानी. परंतु खोली मागणाऱ्या माणसाची लायकी तेथे भाड्यावर ठरत होती, जन्मावर नव्हे, एवढा फरक बाबासाहेबांनी अनुभवला.

आमच्या घरातही अशी एक आठवण आहे. चंदनसारला येण्यापूर्वी दादांनी दुसरीकडे एक खोली ठरविली होती. ज्या चाळीची डागडुजी त्यांनी स्वतः केली होती तिच्यातलीच. अनामत द्यायला गेले तेव्हा मालकाने गाव विचारले, मग आडनाव विचारले आणि म्हणाला, "खोली कालच गेली." दादा घरी आले आणि आयेला एवढेच म्हणाले, "भिंत मी बांधली, आत जायला मात्र मी चालत नाही." त्यानंतर चंदनसारच्या दहा बाय बाराच्या खोलीची एक भिंत त्यांनी नव्याने बांधली. तिच्यात पुस्तकांसाठी कोनाडा ठेवला. त्या कोनाड्याखाली बसूनच माझी बहीण मॅट्रिक झाली.

किंग हेन्रीज रोडच्या घरालाही सुखासुखी राहता आले नाही. घर विक्रीला निघाल्यावर इंग्लंडमधील आंबेडकरी आणि बौद्ध संस्थांच्या महासंघाने महाराष्ट्र शासनाकडे पाठपुरावा केला. शासनाने २०१५ मध्ये सुमारे ३१ लाख पौंडांना ते विकत घेतले आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटन झाले. पुढे काही शेजाऱ्यांनी गर्दी आणि आवाजाबद्दल तक्रारी केल्या. राहत्या घराचे संग्रहालय करण्याची परवानगी स्थानिक कॅम्डन कौन्सिलने २०१८ मध्ये नाकारली. राहण्याची जागा कमी होते, हे एक कारण होते. खोलीसाठी वणवण केलेल्या माणसाला हे कारण अगदीच खोटे वाटणार नाही. परंतु एका घरात एक कुटुंब राहणे आणि त्याच घरातून कोट्यवधी कुटुंबांनी धीर घेणे, यांचे मोजमाप एका फूटपट्टीने होत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये उघड चौकशी झाली, साक्षी झाल्या आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या संबंधित मंत्र्यांनी स्मारकाला मान्यता दिली. दगडफेक नाही, शिवीगाळ नाही. कागद, पुरावे आणि युक्तिवाद यांनी घर राखले. बॅरिस्टरचे घर बॅरिस्टरच्याच मार्गाने वाचले.

परत आल्यावर पुढच्या रविवारी आम्ही नातवंडांना घेऊन सोपाऱ्याला गेलो. चंदनसारहून रेल्वे ओलांडून पश्चिमेला गेले की नालासोपाऱ्याचा स्तूप. तोही विटांचा. लोक त्या टेकाडाला बुरूड राजाचा कोट म्हणत. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उकरला तेव्हा मधोमध विटांच्या कोठडीत दगडी पेटी सापडली. तिच्यात तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोने अशा एकात एक ठेवलेल्या करंड्या, सोन्याची फुले आणि भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे मानलेले मातीचे तुकडे. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यालाच मिळाला. नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला मिळाला. १९५६! ज्या वर्षी बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला तेच वर्ष.

नातवाने स्तूपाच्या विटेवर हात ठेवला आणि विचारले, "आजोबा, लंडनच्या घराची वीट मोठी की ही?" मी म्हणालो, "ही मोठी आणि कितीतरी जुनीही." सोन्याची करंडी आत ठेवायची होती, तरी बाहेर वीटच वापरली. माती सर्वांची असते आणि ती भाजायला कष्ट लागतात, एवढेच मला कळते. लंडनच्या मुक्कामानंतर दहा वर्षांच्या आत बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधायला घेतले, तेही मुख्यतः ग्रंथांसाठी.

सर्वांना लंडनला जाणे जमणार नाही. तिकिटाचे पैसे साठवायला आम्हाला किती वर्षे लागली ते आम्हीच जाणतो. पण सोपारा जवळ आहे. पोराबाळांना घेऊन जा, सोबत डबा घ्या, तेथे कचरा करू नका, मुलांना वीट दाखवा. आणि घरी आल्यावर एक करा. खोली दहा बाय बाराची असली तरी एका भिंतीत पुस्तकांसाठी कोनाडा काढा. आमच्या दादांचा कोनाडा अजून आहे. खोली बदलली, पत्र्याच्या जागी स्लॅब आला, पण ती भिंत मी पाडू दिली नाही. लंडनहून आणलेला त्या घराचा फोटो आता त्याच कोनाड्यात आहे, नातवाच्या गणिताच्या पुस्तकाला टेकून.